युनूसभाई आणि लाँचचा पाय

युनूसभाई पांढरे कपडे घालून मोटारी दुरुस्त करायचे. औरंगाबादला रोशन गेटजवळच्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये बाकी सगळं काळं होतं. भिंती, जमीन, दाराची कडी, पाण्याचा माठसुद्धा. आणि त्या काळ्यात हा किरकोळ अंगाचा माणूस पांढरा पायजमा आणि पांढरा कुडता घालून इंजिनावर वाकलेला असायचा. संध्याकाळपर्यंत त्या कुडत्याची जी दशा व्हायची ती बघून मला त्यांच्या बायकोची, मुमताजभाभींची, दया यायची. एकदा न राहवून मी विचारलं, तर म्हणाले, "काळ्या कपड्यावर तेलाचा डाग दिसतो का बाई? डाग कुठं पडला ते बघितलं की कुठून गळतंय ते कळतं."

हे कारण खरं होतं, की पांढऱ्या कपड्यांची हौस आधी होती आणि कारण मागून शोधलेलं होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. माणूस हौशी होता एवढं मात्र खरं. हात धुऊन झाले की अत्तराचा फाया मनगटावर घासायचा, आणि मगच गिऱ्हाइकाशी बोलायचं. रॉकेल आणि खस असा एक मिश्र वास त्यांच्याभोवती कायम असायचा.

माझा आणि मोटारींचा तसा काही संबंध नव्हता. मी पाणी तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत होते. महिन्यातून एक-दोनदा गारखेड्याहून निघायचं, पैठणची एस.टी. पकडायची, आणि धरणावर जाऊन जलाशयाच्या मध्यावरचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं, हे माझ्या कामांपैकी एक. मध्यावर जायला खात्याची लाँच होती. तिच्यामुळे युनूसभाई भेटले.

लाँच जुनी होती, परदेशी बनावटीची. धरणाच्या बांधकामाच्या वेळी कुणीतरी आणलेली आणि बांधकाम संपल्यावर इथंच राहून गेलेली. तिची रचना थोडी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिचं इंजिन पोटात होतं, मागच्या भिंतीला लागून. पंखा मात्र बाहेर. इंजिनातून निघालेला दांडा मागच्या भिंतीतल्या भोकातून बाहेर यायचा आणि पाण्यात सोडलेल्या एका धातूच्या पायाला मिळायचा. त्या पायाच्या टोकाला पंखा. सुकाणू फिरवलं की अख्खा पाय वळायचा, आणि उथळ पाण्यात बटण दाबलं की गुडघ्यात दुमडल्यासारखा वर यायचा. भिंतीतल्या भोकातून बोटीत पाणी शिरू नये म्हणून त्या दांड्यावर रबराचा एक भाता चढवलेला होता, बाजाच्या पेटीला असतो तसा चुण्याचुण्यांचा. पाय कसाही वळला तरी भाता ताणायचा, आवळायचा, पण पाणी बाहेर ठेवायचा.

लाँच चालवायचा किसन भोई. पैठणचाच, पाण्यावरच वाढलेला, उंच आणि धिप्पाड. रोजंदारीवर होता. एका पावसाळ्यानंतर तो म्हणायला लागला, "बाई, ही वळताना लई रडती बघा." आणि खरंच, सरळ जाताना गप्प असलेली लाँच वळण घेताना घशातून हुंकार काढल्यासारखा आवाज करायची. पैठणच्या आमच्या साहेबांनी मुंबईला एका कंपनीत विचारणा केली. उत्तर आलं की हा पाय आता बनत नाही, लाँचच बदला. साहेबांची जीप युनूसभाईंच्या हातची होती. त्यांनी युनूसभाईंना बोलावणं धाडलं.

ते एस.टी.नं आले. खांद्यावर हत्यारांची पिशवी आणि काखेत गुंडाळलेली एक चादर. काठावर उभे राहून त्यांनी लाँचकडे बराच वेळ बघितलं. चढले मात्र नाहीत. किसनला म्हणाले, "तू काठाकाठानं फिरव, मी इथून बघतो." मग लाँच दोरानं काठाला बांधून, इंजिन चालू ठेवून, त्यांनी गुडघाभर पाण्यात उतरून एक लांब स्क्रूड्रायव्हर त्या पायाच्या सांध्यावर टेकवला आणि त्याची मूठ दातांत धरली. डोळे मिटले. साहेब माझ्याकडे बघायला लागले. युनूसभाईंचा एक कान तरुणपणी इंजिनांच्या आवाजानं गेलेला होता. त्यामुळे ते यंत्रं दातांनी ऐकायचे.

"काय झालंय?" साहेबांनी विचारलं.

"नै मालूम."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही साहेब. ये चीज मैं पैली बार देख रा हूँ. खोलूँगा, फिर बोलूँगा."

साहेब जरा नाराज झाले. आमच्या कचेरीत 'माहीत नाही' हे उत्तर कुणी देत नसे. 'बघून सांगतो' असायचं, 'प्रकरण वर गेलंय' असायचं, 'मागच्यांना विचारा' असायचं. युनूसभाई मात्र हे दोन शब्द अगदी खणखणीत आवाजात, जवळजवळ आनंदानं उच्चारायचे. नंतर मला कळलं की तो आनंदच होता. न उघडलेली वस्तू समोर आली की ते खूश व्हायचे.

ट्रॅक्टर लावून लाँच उतारावर ओढली. मग युनूसभाईंनी ती चादर अंथरली. गुलाबी फुलांची, भाभींच्या माहेरची जुनी चादर. उघडलेला प्रत्येक भाग पुसून एकेका फुलावर ठेवायचा, ओळीनं, डावीकडून उजवीकडे. बसवताना उजवीकडून सुरुवात. चादरीजवळून कुणी चालायचं नाही. साहेब बोलता बोलता एकदा कडेला पाय ठेवून उभे राहिले, तर युनूसभाईंनी वर न बघता म्हटलं, "साहब, आप बेअरिंग के फूल पे खड़े हैं." साहेब मागे सरकले.

भाता फाटला होता. त्यातून झिरपलेल्या पाण्यानं आतलं बेअरिंग गंजून खडबडीत झालं होतं. पाय वळला की त्याच्यावर जोर यायचा आणि ते ओरडायचं. युनूसभाईंनी ते गंजलेलं बेअरिंग सगळ्यांच्या हातात देऊन फिरवायला लावलं. किसनच्या, साहेबांच्या, माझ्या, चहा घेऊन आलेल्या हॉटेलवाल्याच्यासुद्धा.

बेअरिंग मोंढ्याच्या बाजारात मिळालं, त्याच मापाचं. भाता कुठंच मिळेना. तेव्हा युनूसभाईंनी तो बनवायचं मनावर घेतलं. एका सुताराकडून लाकडी साचा कातून घेतला आणि चिकलठाण्याच्या एका लहानशा रबर कारखान्याच्या मागं लागले. पहिला भाता बादलीसारखा ताठ निघाला. दुसरा हवा तसा मऊ होता, पण तेल-पाण्यात टिकेल की नाही याची त्यांना खात्री वाटेना. मग एके दिवशी ते माझ्या प्रयोगशाळेत हजर. पांढरे कपडे, अत्तर, आणि हातात रबराचे तुकडे.

"बाई, तुमच्याकडे बाटल्या लई आहेत. हे तुकडे एकात धरणाचं पाणी, एकात तेल घालून ठेवा. फुगतात का बघू."

आमच्या खिडकीत त्या बाटल्या कितीतरी दिवस होत्या. येणारा-जाणारा विचारायचा, हे काय लोणचं घातलंय? युनूसभाई दर आठवड्याला यायचे, तुकडा काढून चिमटीत दाबायचे, ताणायचे, नाकाशी धरायचे, परत बाटलीत टाकायचे आणि निघून जायचे. चहासाठीही थांबायचे नाहीत. रबर फुगलं नाही.

नवा भाता चढवून लाँच पाण्यात उतरली, किसननं गोल फिरवली, आणि आवाज बंद झाला होता. काठावर युनूसभाई माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"कैसा हुआ काम?"

"छान झालं."

"छान क्या छान. क्या अच्छा लगा वो बोलो."

ही त्यांची एक खोड होती. मोघम कौतुक त्यांना चालत नसे. कौतुक हवं असायचं, भरपूर हवं असायचं, पण नेमकं. मी विचार करून सांगितलं की उजवीकडं वळताना आधी जास्त आवाज यायचा, तिथं आता काहीच ऐकू आलं नाही. त्यांचा चेहरा उजळला. "हौ. उजवीकडंच जास्त होता," असं म्हणत ते साहेबांकडे गेले आणि त्यांनाही तोच प्रश्न विचारला.

त्यानंतर लाँचची देखभाल त्यांच्याकडेच आली. अधूनमधून ते ग्रीस भरायला पैठणला यायचे. पण लाँचमध्ये बसले कधी नाहीत. पोहता येत नाही, हे ते लपवत नसत. किसन त्यांना चिडवायचा, "भाई, आपल्या हातच्या बोटीत आपुनच बसत नाय, लोकं काय म्हणतील?"

एका हिवाळ्यात मात्र ते बसले. साहेबांना पलीकडच्या काठावरची पाण्याची पातळी मोजायची पट्टी बघायची होती, मला बाटल्या भरायच्या होत्या, आणि युनूसभाई त्या दिवशी नेमके ग्रीससाठी आलेले होते. किसननं हाताला धरून त्यांना चढवलं. ते मधल्या फळीवर बसले, दोन्ही हातांनी फळीची कड धरून, आणि जाताना सगळा वेळ पायाखालच्या लाकडाकडे बघत राहिले. पाण्याकडे बघितलं नाही. आकाशातून रोहित पक्ष्यांचा थवा गेला, साहेबांनी बोट दाखवलं, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

पलीकडचा काठ उथळ होता. धरणात बुडालेल्या जुन्या बाभळींची खोडं तिथं पाण्याखाली होती. किसननं दोन-तीनदा बटण दाबून लाँचचा पाय वर घेतला आणि लाँच हळूहळू आत नेली. पट्टी बघून झाली, आम्ही परत फिरलो, आणि जलाशयाच्या मध्यावर आलो तेव्हा माझ्या पायाला गार लागलं. आधी वाटलं बाटली सांडली. मग पायाखालच्या फळ्यांच्या फटींतून पाणी वर येताना दिसलं.

किसननं इंजिनावरचं झाकण उघडलं. आत मागच्या भिंतीजवळ पाणी धारेनं येत होतं. साहेब उठून मागं गेले, मीही उठले, आणि त्याबरोबर लाँचची मागची बाजू आणखी खाली गेली.

"सब आगे!" युनूसभाई ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "मागं कुणी थांबू नका. इंजिन बंद कर किसन. पुढं वजन टाका, शेपटी वर येईल, भोक पाण्यातून निघेल."

आम्ही पुढच्या टोकाला जाऊन एकमेकांना चिकटून बसलो. मागची बाजू थोडी उचलली गेली. पण आलेलं पाणी उपसायला कुणीतरी मागं हवं होतं. किसन बादली घेऊन निघाला.

"तू नको," युनूसभाई म्हणाले. "तुझ्यासारखा गडी मागं आला तर गेलीच. मी हलका आहे. दे इकडं."

"भाई, तुमाला पवता येत नाय."

"बोट तैरेगी तो मेरेकू क्या तैरना है?"

मग ते मागं जाऊन उभे राहिले, पाय फाकवून, आणि पाणी उपसू लागले. ती माझी नमुने घेण्याची बादली होती, फार मोठी नव्हती. वारा सुटला होता. किसन टोकावर उभा राहून टॉवेल हलवत हाका मारत होता. साहेबांनी माझा हात घट्ट धरला होता आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी युनूसभाईंकडे बघत राहिले. पाणी त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत होतं. ओठ हलत होते. मला वाटलं, ते दुआ मागताहेत. पुष्कळ दिवसांनी मी विचारलं तेव्हा म्हणाले, "गालियाँ दे रा था. खुद को. पाणी आत कसं आलं तेच समजेना."

मासेमारांच्या दोन होड्या आल्या. किसनच्या ओळखीच्याच होत्या. त्यांनी दोर बांधले आणि वल्ही मारत आम्हाला ओढत काठाला आणलं. युनूसभाई काठ लागेपर्यंत उपसत होते. उतरल्यावर ते उतारावरच्या दगडांवर बसले. किसननं आपलं घोंगडं त्यांच्या पायांवर टाकलं.

साहेबांना कंठ फुटला तो किसनवर. "खोड लागलं. पाय आपटलास तू खोडावर."

किसन ओल्या कपड्यांत उभा होता. "लागलं असंल साहेब. खालून खरखर झाली व्हती एकदा," असं म्हणाला. त्याला ते खरंच वाटत होतं.

हे सोपं होतं आणि सगळ्यांना पटणारं होतं. त्या वर्षी रोजंदारीवरच्या काही माणसांना कायम करायचं चाललं होतं आणि त्यांत किसनचं नाव होतं. साहेब माणूस वाईट नव्हता. पण बोट बुडता बुडता वाचली आणि बोटीत साहेब स्वतः होते, म्हणजे वर काहीतरी कळवणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांचे जबाब घ्यायचं ठरवलं. युनूसभाई पैठणला एका नातेवाइकाकडे राहिले. मी घरी जाऊन सकाळी परत आले.

मी पोचले तेव्हा लाँच उतारावर ओढलेली होती आणि पाय उघडलेला होता. चादर अंथरलेली होती. पण तिच्यावर एकच वस्तू होती. भाता जागेवर आवळून धरणारा पोलादी पट्टा, त्याच्या स्क्रूसकट. युनूसभाई शेजारी उकिडवे बसले होते.

"किसन, बटण दाब," ते म्हणाले. "पाय वर घे."

किसननं बटण दाबलं. पाय दुमडत वर आला. युनूसभाईंनी पट्टा हातानं जागेवर धरून दाखवला. पाय पूर्ण वर आला की पट्ट्याचा स्क्रू भात्याच्या चुणीत रुतत होता. तिथंच, त्याच जागी, रबर कापलं गेलं होतं. सुरीनं कापावं तसं.

"स्क्रू वरच्या अंगाला यायला पाहिजे होता," युनूसभाई म्हणाले. "मी बाजूला ठेवला. घट्ट करायला सोयीचा पडतो म्हणून. पाय वर घेतला की रुतणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. खोड-बिड काही नाही साहेब. पंखा बघा, ओरखडा नाही. मेरी गलती है."

साहेबांनी किसनला चहा सांगायला पाठवलं आणि तो लांब गेल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, "युनूसभाई, जाऊ द्या ना. कागदावर खोडच राहू दे. किसनला एक नोटीस देतो, संपलं. तुमचं नाव आलं तर मला पुढं तुम्हाला काम देता येणार नाही. मलाच काय, कुठल्याच कचेरीला."

"नोटीस मिळाली तर तो कायम होईल?"

"यंदा नाही होणार."

"और अगले साल?"

"पुढचं मी कसं सांगू?"

"मग माझं नाव घाला."

साहेब चिडले. "कशाला पाहिजे हा खरेपणा? लोकांनी नाव घ्यावं म्हणून?"

"नाम तो जा रा साहब," युनूसभाई म्हणाले आणि पट्टा पुसायला लागले.

मी माझ्या जबाबात जे बघितलं ते लिहिलं. साहेबांनीही शेवटी तेच लिहिलं. किसन चहा घेऊन आला तेव्हा त्याला नोटिशीचं हे बोलणं ठाऊक नव्हतं, आणि युनूसभाईंनी त्याला सांगितलं नाही. ते त्याला हॉटेलवाल्याकडून कळलं, आणि हॉटेलवाल्याला कसं कळलं ते कुणालाच माहीत नाही.

साहेब म्हणाले होते तसंच झालं. आमच्या खात्याचं काम गेलं, मग एकेक करून बाकीच्या कचेऱ्यांच्या जीपा यायच्या बंद झाल्या. गोष्ट शहरात पोचेपर्यंत तिचं रूप बदललेलं होतं. युनूसनं साहेबाला पाण्यात बुडवला, असं लोक एकमेकांना सांगायचे. सुरुवातीला युनूसभाई स्वतःच ते हसत हसत सांगायचे, पुढं पुढं सांगेनासे झाले. एकदा मी वर्कशॉपवर गेले तेव्हा तिथं एक स्कूटर आणि एक पाण्याचा पंप, एवढंच काम होतं. वर्कशॉपच्या मागंच त्यांचं घर. भाभींनी मला आत बोलावून सरबत दिलं आणि दाराआडून त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "सच बोलने का था तो जरा धीरे बोलना था."

बाहेरून उत्तर आलं, "धीरे बोलता तो साहब को सुनाई नै देता."

हे दोघं हे संभाषण अनेकदा करत असावेत, असं मला वाटलं.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं. लाँच ताडपत्रीखाली उतारावरच पडून होती. दुरुस्तीला मंजुरी नव्हती, माणूस नव्हता. एका सकाळी मी बाटल्या घेऊन पोचले, काठावरचंच पाणी भरायला, तर युनूसभाई ताडपत्री काढून कामाला बसलेले. नवा भाता करून आणला होता. साचा त्यांनी जपून ठेवलेला होता. किसन हाताखाली होता. साहेबांनी त्या दिवशी रजा टाकली होती. ती मुद्दामच टाकली होती, हे किसननं मला डोळ्यांनीच सांगितलं.

उन्हं उतरेपर्यंत काम चाललं. पट्ट्याचा स्क्रू वरच्या अंगाला. पाय वर, पाय खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली, असं किसनला इतक्या वेळा करायला लावलं की बॅटरी उतरते की काय असं वाटलं. दर वेळी ते भात्याच्या चुणीत बोट घालून बघत होते. शेवटी लाँच पाण्यात ढकलली आणि किसननं तिला खोल पाण्यात नेऊन आणलं. इंजिनावरचं झाकण उघडून बघितलं, आत कोरडं होतं.

मी वाट बघत होते की आता ते येतील आणि विचारतील, कैसा हुआ काम. ते आले नाहीत. चादर झटकून घडी घालत होते. मीच जाऊन म्हटलं, "युनूसभाई, या वेळी आत थेंब नाही." ते म्हणाले, "हं," आणि चादर काखेत मारून एस.टी. गाठायला निघाले. त्यानंतर मी त्यांना कौतुक मागताना कधी ऐकलं नाही. कुणी केलं तर ऐकून घ्यायचे.

किसन त्याच वर्षी कायम झाला. लाँच पुढं बरीच वर्षं चालली. मग मागं इंजिन टांगलेली नवी बोट आली आणि जुनी लिलावात गेली. तोवर मीही दुसऱ्या कामावर गेले होते. युनूसभाईंचं वर्कशॉप बंद पडलं नाही, सावरलंही नाही. मोहल्ल्यातल्या रिक्षा आणि पंप यांच्यावर चालत राहिलं. ईदला मी जायचे, दिवाळीला ते दोघं यायचे. काही वर्षं तेही राहून जायचं.

माझे यजमान गेले, त्यानंतर काही महिन्यांनी एका दुपारी गारखेड्यातल्या माझ्या घरासमोर रिक्षा थांबली. युनूसभाई आणि भाभी. त्यांना उशिरा कळलं होतं. युनूसभाई म्हातारे झाले होते. बसले, पाणी प्यायले. समाचाराला येणारे लोक जे बोलतात त्यांतलं ते काहीच बोलले नाहीत. यजमान सकाळी काय खायचे, पेपर कुठला वाचायचे, स्कूटर कोण नेतं आता, असलं विचारत राहिले. मला त्या दिवसांत पहिल्यांदाच बोलावंसं वाटलं, आणि मी बोलले.

मग त्यांनी सांगितलं की ते दोघं हैदराबादला चाललेत, मुलीकडे, कायमचे.

"आमचे सगळे चाचा तिकडंच गेले होते," ते म्हणाले. "पोलीस ॲक्शन के बाद. गंगापूरच्या बाजूला गाव होतं आमचं. मी लहान होतो. सगळा गोतावळा निघाला, बैलगाड्या भरल्या, पुढं रेल्वे. अब्बांनी पण सामान बांधलं होतं. दादी म्हणाली, माझ्या दोन शेळ्या येणार. चाचा म्हणाला, रेल्वेत शेळ्या घेत नाहीत. तर दादी जमिनीवर बसली. अब्बा तिच्याजवळ बसले. गाड्या निघून गेल्या." ते हसले. "दोन-चार दिवसांनी आम्ही पायी औरंगाबादला आलो. शेळ्या पण आल्या. लोग पूछते, तुम लोग कायकू नै गये? मैं क्या बोलू? दो बकरियों के वास्ते हम इधर के हो गये."

भाभी हसल्या नाहीत. त्या पदराच्या काठाशी चाळा करत होत्या. "इतने साल बाद अब जा रे," त्या म्हणाल्या. "कौन पहचानता उधर."

"एका रात्रीचा तर प्रवास," युनूसभाई म्हणाले. पण कुणाला ते म्हणाले, ते कळलं नाही.

निघाले तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. रिक्षा थांबवूनच ठेवली होती. भाभी आधी आत बसल्या. युनूसभाई एक पाय आत टाकून थांबले, मग उतरून परत माझ्याकडे आले. मला वाटलं काहीतरी राहिलं.

"बाई, आत स्वयंपाकघराकडं मी बघितलं," ते म्हणाले. "चूल थंड आहे. एकट्या माणसाची असली तरी भाजी करायची. रोज करायची. चटणीवर भागवायचं नाही."

मी मान हलवली. ते तेवढ्यावर समाधानी झाले नाहीत, उभेच राहिले.

"करते," मी म्हटलं.

मग ते जाऊन रिक्षात बसले. रिक्षा कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी वळली, तेव्हा त्यांचा पांढरा कोपर बाहेर दिसत होता. मी फाटक लावलं, आत आले, आणि टोपलीतली वांगी चिरायला घेतली.